हरकत नाही म्हणणारे कारभारी

फार पूर्वी, गावात पिठाची गिरणी आली नव्हती आणि दिवस जात्याच्या घरघरीनं उजाडत असे, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक कारभारी होते. पाटलांच्या खालोखाल त्यांचा मान. गोठ्याचं दार कोणत्या दिशेला करावं इथपासून लेक कोणत्या घरी द्यावी इथपर्यंत सगळं गाव त्यांना विचारी, आणि कारभाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे, "हरकत नाही."

सकाळी कुणी येऊन म्हणे, "कारभारी, यंदा बांधावर बाभळी लावाव्या म्हणतो."

"हरकत नाही."

दुपारी त्याचा शेजारी येई. "कारभारी, बांधावर बाभळी नकोत. काटे माझ्या रानात पडतात."

"हरकत नाही."

संध्याकाळी ते दोघे बांधावर एकमेकांच्या उरावर बसलेले असत, तेव्हा कारभारी आपल्या ओट्यावर शांतपणे पान लावत असत. तरीही दोघांचं कारभाऱ्यांविषयी मत चांगलंच. असा गोड माणूस पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. एकट्या कारभारीणबाईंचं मत जरा वेगळं होतं. त्या म्हणत, "अहो, दिवसातून शंभरदा तुम्ही 'नाही' म्हणता, पण आधी 'हरकत' लावल्याशिवाय तुमच्या तोंडून एक 'नाही' निघत नाही."

कारभारी हसत आणि म्हणत, "असेल, असेल. हरकत नाही."

पण ते जन्मापासून असे नव्हते. त्यांची आई मोठी करारी बाई होती. पहाटे ती जात्यावर बसली की तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहानगा पोर अर्धवट झोपेत पडून राही. ओवी म्हणता म्हणता मधेच थांबून ती त्याला काहीबाही सांगे. रिकामं जातं फिरवायचं नाही, दगड दगडाला खातो. जात्याचे दगड टाकीनं टोचून घेतल्यावर पहिलं दळण कोंड्याचं करायचं आणि ते उकिरड्यावर टाकायचं, राजा जेवायला आला तरी. आणि एखाद्याला कडू लागेल म्हणून खरं गिळायचं नाही, कारण आपण गिळलेलं पुढं त्याच्याच पोटात दुखतं. पोराला त्यातलं कितपत कळत होतं देव जाणे. पण मांडीची ऊब, पिठाचा कोमट वास आणि हे बोलणं, सगळं एकातएक मिसळून त्याच्या अंगात मुरलं होतं. पुढं केस पांढरे झाल्यावरही कुठून जात्याचा आवाज आला की कारभाऱ्यांचे डोळे आपोआप मिटत. गेलेल्या दिवसांची अशी ओढ लागली की ते घटकाभर कुणाशी बोलत नसत.

मग 'हरकत नाही' कुठून आलं? तर पंचवीस वर्षांचे असताना, नवे नवे कारभारी झाले त्या साली, ते यात्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत पंच होते. शेवटच्या रेघेपाशी थोरल्या पाटलांची, म्हणजे आताच्या पाटलांच्या वडिलांची, गाडी हातभर मागं होती. कारभाऱ्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवस त्यांच्या ओट्यावर कुणी फिरकलं नाही. न्हावीसुद्धा 'उद्या येतो' म्हणाला आणि दाढीचं रान माजलं तरी त्याचा उद्या उगवला नाही. ते पंधरा दिवस कारभाऱ्यांना फार लागले. पुढच्या वर्षी पुन्हा पाटलांची गाडी मागं राहिली आणि पाटलांनीच विचारलं, "आमचीच पुढं होती म्हणायला काही हरकत?" कारभारी म्हणाले, "हरकत नाही." त्या दिवशी ओट्यावर बसायला जागा उरली नाही.

दर साली सुगी आटोपली की गावात एक टाकीवाली येत असे. टाकी म्हणजे दगड घडवायची छोटी छिन्नी. जातं वापरून वापरून आतून गुळगुळीत होतं. मग त्याच्या दोन्ही दगडांना टाकीनं बारीक टोचे मारून ते पुन्हा खरबरीत करावे लागतात. "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ" अशी तिची हाक वेशीतून आली की बाया हातातलं काम टाकून दारात येत. आता ती हाकही गेली आणि जातीही गेली. कुठं परसात पालथं पडलेलं एखादं दिसतं, त्यावर पोरं उभी राहून पेरू तोडतात.

त्या साली पाटलांच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं. वरपक्षाला घाई होती, म्हणून सुगी आटोपल्या आटोपल्याच तिथी धरली. टाकीवाली आली ती पहिली पाटलांच्या घरी. दिवसभर ठोकून तिनं त्यांचं मोठं जातं नवं केलं आणि हातातली धूळ झटकत पाटलीणबाईंना सांगितलं, "बाईसाब, पयलं दळन कोंड्याचं करा बरं. दोन सुपं कोंडा दळा आन उकिरड्यावर टाका. दगडाची कच त्यात निघून जाती. मग खुशाल गव्हू दळा."

इथं एक पेच पडला. त्या गावची समजूत अशी की लग्न निघालेल्या घरी टाकी लावली तर जातं पहिल्यांदा फिरवायचं ते मुहूर्तावर, पाच सवाष्णींनी पूजा करून, आणि तेही गव्हानं. एरवी टाकीवाली येऊन गेल्यावर महिनाभरानं लग्नं निघत आणि तोवर जात्यातली कच कधीच निघून गेलेली असे. यंदा दोन्ही गोष्टी एकमेकींवर येऊन आदळल्या.

पाटलीणबाईंनी कारभाऱ्यांना बोलावून घेतलं. "कारभारी, आता तुमीच सांगा. उद्या सवाष्णी हळद-कुंकू वाहनार, आन त्या जात्यात पयला घास कोंड्याचा? वर तो उकिरड्यावर? लेकीच्या लग्नाचं पयलं दळन उकिरड्यावर टाकलं म्हंजे लोक काय म्हनतील? मुहूर्ताचे गव्हूच दळले तर नाय का चालायचं?"

कारभाऱ्यांना उत्तर ठाऊक होतं. राजा जेवायला आला तरी, असं त्यांच्या आईनं शंभरदा सांगितलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर पाटलीणबाईंचा काळजीनं कोमेजलेला चेहरा होता, मांडवात बायकांचं हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि असल्या शुभ घरात आपण अपशकुनासारखं काही बोलावं हे त्यांच्या जिवावर आलं.

"गव्हूच दळा, बाई," ते म्हणाले. "हरकत नाही."

पाटलीणबाईंचा चेहरा खुलला. तो खुललेला पाहून कारभाऱ्यांनाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी टाकीवाली कारभाऱ्यांच्या घरी आली. आईच्या हातचं जुनं जातं पडवीत होतं. कारभारी ओट्यावरून उठून आत आले आणि कौतुकानं म्हणाले, "आमच्या जात्याला काही गरज नाही गं. बघ, एका बोटानं फिरतं."

त्यांनी खरंच एक बोट लावून ते फिरवलं. जातं भिंगरीसारखं गरगरलं. टाकीवालीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"फिरतंय झ्याक, दादा. पन दळतंय कुठं?"

"म्हणजे?"

"आवं, ज्याला दात न्हाईत ते हलकंच फिरनार. दळनारं जातं हाताला जड लागतं. बायास्नी वाटतं, काय ग्वाड जातं हाय, हात दुकत न्हाई. आन पीठ बघावं तर निस्ती भरड."

"तरीच!" कारभारीणबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली, भाकरी थापली की कडा फुटतात. मी मेली ज्वारीलाच बोल लावत होते."

टाकीवालीनं वरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि ठोके सुरू केले. टक, टक, टक. त्या आवाजासरशी कारभारी साठ वर्षं मागं गेले. "लांब बस रे, कच उडंल डोळ्यात," असं आई ओरडायची आणि तरी ते सरकत सरकत पुढं यायचे. पण आज त्या आठवणीत नेहमीसारखं रमता येईना. 'फिरतंय झ्याक, पन दळतंय कुठं' हे शब्द कानातून जात नव्हते. बाई जात्याविषयी बोलली होती, हे त्यांना कळत होतं. तरी आपल्यालाच कुणी बोट लावून फिरवून बघितल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

काम झाल्यावर कारभारीणबाईंनी सूपभर कोंडा दळला. कारभाऱ्यांनी वाकून त्यात हात घातला आणि चिमूट चोळली. करड्या रंगाची बारीक कच बोटांना टोचली.

"हे गव्हात राहिलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर काय, ज्याला दात हाईत त्याला कळंल," टाकीवाली हसली. "पाटलीनबाईस्नी बजावून आलीया म्या."

कारभाऱ्यांनी हात झटकले, पागोटं डोक्याला घातलं आणि ते तडक पाटलांच्या घरी निघाले. लग्नाला अजून दोन दिवस होते. मुहूर्ताचं दळण फार तर पायलीभर असेल, तेवढं बाजूला काढायला सांगितलं की झालं. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो!

पण पाटलांच्या दारात सनई वाजत होती. पाटलीणबाई त्यांना पाहून लगबगीनं पुढं आल्या. "कारभारी, तुमच्या शब्दानं मनावरचा धोंडा उतरला बगा. मुहूर्ताचं पीठ मी येका जागी ठिवलंच न्हाई. लग्नाच्या समद्या पिठात मूठ-मूठ कालवलं. समद्यास्नी पुन्य लागू दे."

आता पायलीभर पिठाची गोष्ट राहिली नव्हती. लग्नाचं सगळं पीठच टाकावं लागणार होतं. तेवढ्यात पाटील बाहेर आले, त्यांनी कारभाऱ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "कारभारी, तोंड गोड करा. समदं जमून आलं. काय बोलायचं हाय का?"

"जरा... त्या पिठाचं..."

"पिठाला काय झालं?"

पाटील हसतमुखानं बघत होते. सनईवाल्यानं नुकताच नवा सूर धरला होता.

"काही नाही," कारभारी म्हणाले आणि त्यांनी गूळ तोंडात टाकला.

घरी आल्यावर कारभारीणबाईंनी विचारलं, "कशाला गेला होतात?" त्यावर ते म्हणाले, "सहज." आणि दोन दिवस ते स्वतःची समजूत घालत राहिले की एवढ्या ढीगभर पिठात मूठभर कच ती काय कळणार.

कळली. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळ्या वाढल्या, वरून तूप पडलं, 'होऊ द्या सावकाश' झालं, आणि व्याह्यांनी पहिला घास घेतला. कच्च! व्याही थांबले. शेजारी त्यांचे थोरले बंधू, कच्च! मग पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळूतून बैलगाडी चालल्यासारखा आवाज उठला. व्याह्यांनी घास तोंडातून काढून पत्रावळीच्या बाहेर ठेवला.

"पाटील, तुमच्याकडं नदीची वाळू कनकेत मिसळायची रीत हाय व्हय?"

वरपक्षातली पोरं फिदीफिदी हसली. पाहुण्यांनी भात-वरण खाऊन हात धुतले. लेक सुखरूप सासरी गेली हे खरं, पण जाताना वऱ्हाड गाडीत बसून पोळीच्या गोष्टी सांगत हसत गेलं. पाटलांनी ते उभ्यानं ऐकलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की कुणाला त्यांच्याकडं बघवेना.

राग कुणावर तरी निघायला हवा होता. पिठात दगडाची कच निघाली म्हणजे दोष टाकीवालीचा, हे ठरायला वेळ लागला नाही. काम धड केलं नाही म्हणा, नाहीतर मुद्दाम खोडी केली म्हणा. उद्या सकाळी तिला चावडीवर उभं करायचं, तिची टाकी-हातोडी नदीच्या डोहात टाकायची, आणि बारा गावांना सांगावा धाडायचा की या बाईला कुणी दारात उभं करू नये.

सकाळी ही बातमी कारभारीणबाईंनी पाणवठ्यावरून आणली. कारभारी न्याहारीला बसले होते. नव्यानं टाकी लावलेल्या जात्यावरचं मऊसूत पीठ होतं. तव्यावर भाकरी टम्म फुगली, तिचा पापुद्रा अलगद सुटला. कितीतरी वर्षांनी घरात तशी भाकरी झाली होती. कारभाऱ्यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि त्यांना एकदम आई आठवली. अगदी तीच चव. चुलीपुढचा तिचा लालसर झालेला चेहरा, पिठानं माखलेला हात, 'गरम हाय, फुंकून खा' म्हणणारा आवाज, सगळं समोर उभं राहिलं. डोळे भरून आले.

इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आईचं आपल्याइतकं कुणाला नाही. जात्याच्या आवाजानं गहिवरणारा माणूस गावात दुसरा कोण होता? पण आज त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, आईनं सांगितलेलं मी मानतो, की नुसतं आठवतो? आठवायला काही मोल पडत नव्हतं. डोळे मिटले की झालं. मानायची वेळ मात्र पाटलीणबाईंच्या पुढं आली, सनईवाल्याच्या पुढं आली, आणि दोन्ही वेळा त्यांनी आईला घरीच ठेवलं. चाळीस वर्षं तिला असंच घरी ठेवलं होतं.

"चावडीवर तुम्हाला विचारतीलच," कारभारीणबाई हळूच म्हणाल्या. नवऱ्यानं पाटलीणबाईंना काय सांगितलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

"विचारतील," कारभारी म्हणाले. त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठले.

चावडी माणसांनी भरली होती. टाकीवाली मधोमध उभी होती. तिची टाकी आणि हातोडी पाटलांच्या पायाशी पडली होती.

"म्या बजावलं हुतं, मालक," ती कळवळून सांगत होती. "पयलं दळन कोंड्याचं करा म्हनून. घरात इचारा."

"माज्या घरच्या बाया चावडीत साक्षीला येनार व्हय?" पाटील गरजले. "केलं ते केलं, वर माज्या घरावर ढकलतीस?"

"मालक, ही टाकी माज्या सासूची हाय. तिच्या सासूची तिला आली हुती. माज्या हाताला दुसरं काय येत न्हाई. ही डोहात टाकली तर म्या खाऊ काय? आन बारा गावं बंद केली तर जाऊ कुठं?"

बऱ्याच जणांना तिची कीव येत होती. पण पाटलांपुढं कीव दाखवायची कशी? प्रत्येकानं शेजाऱ्याकडं पाहिलं आणि शेजाऱ्यानं जमिनीकडं.

"ठरलं तर," पाटील म्हणाले आणि रिवाजाप्रमाणं कारभाऱ्यांकडं वळले. "काय कारभारी, हरकत न्हाई ना?"

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. म्हणून लोक उठायलाच लागले. कुणी धोतर झटकलं, कुणी वहाणा शोधू लागला.

"हरकत आहे," कारभारी म्हणाले.

उठणारे अर्धवट वाकलेलेच राहिले. एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला ढोसलं, "काय म्हनले?" "हरकत हाय म्हनले." "आं? कोन?" "कारभारी!" म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो पुन्हा खाली बसला.

कारभारी पाटलांसमोर जाऊन उभे राहिले. "पाटील, ही बाई खरं बोलते. पाटलीणबाईंनी मला विचारलं होतं, कोंड्याऐवजी गव्हू दळले तर चालेल का. मला ठाऊक होतं चालणार नाही. तरी मी चालेल म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरी ती कच हातात घेऊन बघितली. तुमच्या दारापर्यंत सांगायला आलो, गूळ खाल्ला आणि परत गेलो. तुमच्या लेकीच्या लग्नात तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळं. दोष हिचा नाही आणि पाटलीणबाईंचाही नाही. त्यांनी विश्वासानं विचारलं होतं."

पाटील पुढं झाले.

"तुमी ठाऊक असून गप ऱ्हायला?" त्यांचा आवाज रागापेक्षा दुखावलेला होता. "माज्या घरचा माणूस म्हनून इचारत हुतो तुमास्नी."

"राहिलो. चुकलं माझं."

"मग आजपासून ह्या चावडीची पायरी चढू नका."

कारभाऱ्यांनी डोक्यावरचं मानाचं पागोटं काढून पाटलांपुढं ठेवलं. वाकून टाकी आणि हातोडी उचलली, टाकीवालीच्या हातात दिली आणि ते बाहेर पडले. मागून टाकीवाली आली.

"दादा, लई उशीर केलासा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पन केलासा."

त्यानंतर ओटा पुन्हा ओस पडला. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पाटलांचे एक चुलतभाऊ नवे कारभारी झाले आणि त्यांना 'हरकत नाही' म्हणायला शिकवावंही लागलं नाही. न्हावी पुन्हा एकदा 'उद्या' म्हणाला. खोटं कशाला सांगा, कारभाऱ्यांना फार एकटं वाटे. पूर्वीच्या त्या भरलेल्या ओट्याची, पानाच्या तबकाभोवतीच्या हास्यविनोदाची आठवण येऊन जीव कासावीस होई. मग एके संध्याकाळी कारभारीणबाई तबक घेऊन ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पान मी लावते. सुपारी तुम्ही कातरा." चाळीस वर्षांच्या संसारात दोघं प्रथमच ओट्यावर बरोबर बसली होती.

दर साली टाकीवाली येई. ती जात्यावर ठोके मारू लागली की कारभारी तिथंच भिंतीला टेकून बसत आणि मनाशी एकेक गोष्ट काढून बघत. हे मी मानतो का, की नुसतं म्हणतो? मानत असेन तर वर्षभरात त्यासाठी काय केलं? आईच्याही सगळ्याच गोष्टी त्यांनी ठेवल्या नाहीत. मांजर आडवं गेलं की आई कामावरून मागं फिरायची, ते त्यांनी सोडून दिलं, कारण त्यात मांजराचं काही चुकत नव्हतं. बाकीचं घट्ट धरलं. टाकीवाली येऊन जाई त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे, पण दुसऱ्या दिवशी झोप चांगली लागे.

तीन वर्षं गेली. एके सकाळी पाटील एकटेच ओट्याशी येऊन उभे राहिले. कारभाऱ्यांनी घोंगडी टाकली. पाटील बसले.

"धाकटीला स्थळ आलंय," ते म्हणाले. "घर लई मोठं. नवे कारभारी म्हनतात, हरकत न्हाई. भाऊबंद म्हनतात, हरकत न्हाई. समदा गाव म्हनतो, हरकत न्हाई."

"मग झालं तर."

"झालं कुठं? त्याच्यामुळंच तर झोप लागंना." पाटलांनी मान वर केली. "माज्या तोंडावर, भर चावडीत, सोताची लाज सोताच्या हातानं उघडी करून 'हरकत हाय' म्हनलेला येकच माणूस हाय ह्या गावात. तुमी जाऊन पोरगा बगा. तुमी 'नको' म्हनला तर मी दारातनं परत धाडीन. आन तुमी 'हरकत न्हाई' म्हनला, तर डोळं मिटून लेक दीन."

उभ्या आयुष्यात हजारो वेळा कारभारी 'हरकत नाही' म्हणाले होते, पण ते शब्द कुणी असे त्यांच्याकडून मागून घेतले नव्हते.

"आज सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आधी डोळ्यांनी बघून येतो."

कारभारीणबाईंनी फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या. उन्हं चढायच्या आत कारभारी काठी घेऊन त्या गावाची वाट चालू लागले.

तात्पर्य: थोरांची शिकवण नुसती आठवून डोळे भरून आले म्हणजे ती आपली झाली असं नाही; आपण काय मानतो हे मधून मधून स्वतःला टोचून विचारावं आणि वेळ येईल तेव्हा तसं वागावं. ज्याला 'हरकत आहे' म्हणता येतं, त्याच्याच 'हरकत नाही'ला मोल असतं.